रम्सच्या खोरीत आलेली नदी

नमस्कार मंडळी. मी तुमचे अनुभव रोज वाचते. दुपारी सगळे ऑफिसला, शाळेला गेले की चहाचा कप घेऊन बसते आणि एकेक वाचत जाते. खोटं कशाला बोलू, निम्म्यांना हसते. कुणाला पांढरी बाई दिसते, कुणाच्या मागे पावलं वाजतात... माझं वय एकाहत्तर. सगळा जन्म खाडीकाठी गेला. अमावस्येला तरीवरून एकटी घरी आलेली बाई मी. मला कधी कुणी दिसलं नाही, आणि ज्यांना दिसतं त्यांना मी "पोट साफ ठेवा" असं सांगत आले.

आता माझ्यावरच लिहायची पाळी आलीय. हे मला फार आधी लिहायला हवं होतं. का नाही लिहिलं तेही सांगते, कारण खरी गोष्ट तीच आहे.

मी चौथी पास. शुद्धलेखनाच्या चुका नातीने, म्हणजे इराने, सुधारल्यात. तिला मराठी वाचता येतं, पण उत्तर इंग्रजीतच देते.

आमचं गाव बाणकोट खाडीच्या काठी. वडील तर चालवायचे, म्हणजे या काठावरची माणसं होडीतून त्या काठाला पोचवायची. घरात घड्याळ नव्हतं, पण पाणी कधी चढेल हे तोंडपाठ. आमच्या घरात ते सगळ्यांनाच येतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, त्याच्या सहा तास आधी पूर्ण ओहोटी. आयुष्यभर कधी चुकलं नाही. लग्नानंतरसुद्धा गावातल्या बायका तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, काढायला निघाल्या की आधी माझ्या दारात यायच्या. "इंदूताई, आज किती वाजेपर्यंत?" मी बोटांवर मोजायचे आणि सांगायचे. कधी खाडीमधल्या वाळूच्या पुळणीवर अडकून पडलं नाही कुणी.

हे गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं. शारजाला अल नहदात अकराव्या मजल्यावर राहतो आम्ही. तो सकाळी साडेसहाला दुबईला निघतो, रात्री आठपर्यंत ट्रॅफिकमध्ये. सुनेची पण नोकरी. मी आणि टीव्ही. पहिलं वर्ष मी खिडकीतून नुसत्या गाड्या मोजल्या हो.

मग लिफ्टमध्ये हुसेना भेटली.

नवव्या मजल्यावरची. महाडच्या बाजूची, सावित्री नदीच्या अगदी काठची. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण मला ताई म्हणायची. तिचा मुलगा बशीर बिल्डिंगच्या एसी मेंटेनन्सची कामं घेतो. लिफ्टमध्ये ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अगो, नदीला तांबडा पाणी आला काय?" ते ऐकलं आणि मी नवव्या मजल्यावर तिच्याबरोबरच उतरले. सावित्री तिच्या दारावरून वाहते आणि खाली येऊन आमच्या खाडीला मिळते. म्हणजे तिने तिकडे धुतलेल्या भांड्यांचं पाणी माझ्या दारात यायचं. हे मी तिला म्हटलं तर ती म्हणाली, "तरी म्हटलं तुझी आमटी एवढी बरी कशी होते!"

अशी आमची मैत्री. ती नदीची, मी खाडीची. तिला पोहता येत नव्हतं, पण वाहतं पाणी कसं ओलांडायचं ते तिच्या पायांना माहीत होतं. मला पाण्याची वेळ माहीत होती. दोघींना वाटायचं, आपलंच खरं ज्ञान.

एकदा इराच्या भूगोलाच्या पुस्तकात मी चित्रं बघत होते. नॉर्वेचा फ्योर्ड, स्कॉटलंडचं लॉक. इराने वाचून दाखवलं. म्हटलं, अगं ही तर आपली खाडी! नाव काहीही द्या. समुद्र डोंगरात हात घालून आत आलेला, आणि वरून नदी येऊन त्या हातावर पाणी सोडणारी. इरा म्हणाली, "आजी, वुई हॅव दॅट हिअर टू. इट्स कॉल्ड खोर." इकडच्या खोरींना म्हणे नदी नसते, वादी असते. डोंगरातली कोरडी दगडांची वाट. पाऊस झाला तर धो धो, नाहीतर वर्षभर नुसते गोटे.

तेव्हापासून आम्ही दोघी बशीरच्या मागे लागलो. खोर दाखव. खोर दाखव.

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी त्याचं रस अल खैमाला काम निघालं. तो म्हणाला, "चला, रम्सला सोडतो तुम्हाला. अकराला परत घ्यायला येतो. पण अम्मी, लांब जायचं नाही हां. काकी, तुम्ही बघा तिच्याकडे."

"मी आहे ना," मी म्हटलं. हेच शब्द. मी आहे ना.

रम्स म्हणजे रस अल खैमाच्या पुढे जुनं मच्छीमारांचं गाव. एका बाजूला डोंगर अगदी जवळ, उघडेबोडके, राखेच्या रंगाचे. दुसऱ्या बाजूला खोर. उथळ पाणी, चिखल, खारफुटीची झुडपं, आणि पलीकडे वाळूची लांब पुळण. तिच्यापलीकडे खरा समुद्र. काठ आणि पुळण यांच्यामध्ये पाण्याची एक पट्टी, शंभरेक पावलं रुंद. आम्ही पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते, धुकं होतं, पण पुळण दिसत होती. त्या पट्टीत पाणी घोट्याएवढं.

बशीर गेला. हुसेनाने सलवार वर खोचली. हातात प्लास्टिकची बादली आणि सांडशी. सांडशी कशाला, तर म्हणे तिसऱ्या चावल्या तर! मी हसून हसून बेजार. तिने आपला फोन माझ्या पिशवीत टाकला, भिजेल म्हणून. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे मी घडीची खुर्ची टाकून काठावर बसले.

"ताई, पाणी कधी चढतंय?"

त्या दिवशी संकष्टी होती, माझा उपास होता, म्हणून तिथी अगदी पक्की. "चार पाऊण तीन. तीनला भरती, नऊला पूर्ण ओहोटी. साडेदहापर्यंत बिनधास्त फिर. गुडघ्याच्या वर पाणी यायचं नाही."

"नक्की ना गो?"

"तरवाल्याची मुलगी आहे मी. जा."

आदल्या दिवशी इरा म्हणाली होती, "आजी, जस्ट चेक द ॲप." मी तिला म्हटलं होतं, तुझ्या ॲपच्या आधीपासून समुद्र आहे.

हुसेना पट्टी ओलांडून पुळणीवर गेली. थोडा वेळ तिची निळी ओढणी दिसत होती, मग धुकं दाट झालं आणि ओढणीही गेली. पण तिचा आवाज येत होता. "ताई, एक मिळाली गो! केवढी मोठी!" मी म्हटलं, मोज, घरी जाऊन वाटे करू.

पावणेनऊच्या सुमाराला माझ्या चपला ओल्या झाल्या.

मी खाली बघितलं. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना पाणी लागलं होतं. मला वाटलं, मीच चिखलात रुतले असेन. खुर्ची मागे घेतली. पाच-सात मिनिटांनी पुन्हा पाणी. मंडळी, इथे मला थांबून सांगायचंय. मला कळलं होतं. पाणी आत येत होतं. झुडपांची पानं आतल्या बाजूला वाहत होती, हे मी डोळ्यांनी बघत होते. आणि तरीही मी मनात पुन्हा मोजलं. चतुर्थी... चार... पाऊण... तीन. पुन्हा मोजलं. पाणी चुकतंय, मी नाही, असं वाटत होतं मला. चांगली दहा-बारा मिनिटं मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर ती तेव्हा गुडघाभर पाण्यातून आली असती.

हाक मारली तेव्हा उशीर झाला होता.

"हुसेनाऽऽ! परत ये! पाणी आलं!"

"काय?"

"परत येऽऽ!"

तिचा आवाज पहिल्यांदा समोरून आला, मग डावीकडून. धुक्यात आवाजाची दिशा कळत नाही. तिलाही माझी कळेना. "ताई, कुठली बाजू? मला काय दिसत नाय!" मग पाण्यात पाय टाकल्याचा आवाज. मग, "अल्ला! कमरेपर्यंत आहे!" मग काहीच नाही.

मी पाण्यात उतरले. दोन पावलं टाकली आणि गुडघा वाकेना. बशीरला फोन लावला, तो उचलेना. काठावर चिटपाखरू नाही. मी नुसती ओरडत होते, "इकडे! इकडे!" इकडे म्हणजे कुठे, हे त्या बिचारीला कसं कळावं?

आणि मग आवाज आला.

डोंगराच्या बाजूने. ज्याने पावसाळ्यात नदीचा आवाज ऐकलाय त्याला तो सांगावा लागत नाही. दगडांवरून गोटे गडगडत येतात, तो. खळखळ नव्हे, त्याच्या खालचा घोगरा आवाज. मला वाटलं मागून ट्रक येतोय. वळले तर खारफुटीच्या मधून पाणी येत होतं. लाल. विटेसारखं लाल, गढूळ. माझ्या पायांवरून गेलं ते बर्फासारखं गार. खोरीचं पाणी कोमट होतं, हे मी आत्ताच उतरून पाहिलं होतं. त्या लाल पाण्याला पहिल्या पुराचा वास होता. कुजलेला पाला, ओली माती... आणि ते आत येणाऱ्या भरतीला कापत सरळ पुळणीकडे जात होतं.

मी वाकून ओंजळीत घेतलं आणि चाखलं. का चाखलं, विचारू नका. खाडीकाठच्या माणसाचा हात आपोआप जातो, कुठवर गोडं आणि कुठून खारं ते बघायला.

गोडं होतं. पिण्याचं पाणी.

किती वेळ गेला ठाऊक नाही. मग धुक्यातून हुसेना आली. कमरेएवढ्या पाण्यातून, तिरकी तिरकी, नदी ओलांडतात तशी, एकेक पाऊल चाचपत. बादली नव्हती. सांडशी मात्र मुठीत घट्ट. ती माझ्यापाशी आली आणि खाली बसली. छातीपासून खाली सगळी लाल.

"पायाखाली गोटे लागले," ती म्हणाली. दात वाजत होते. "ताई, आमच्या नदीचे गोटे. पाणी पायावर आपटायला लागलं. म्हटलं, नदी आहे तर ती वरून येत असणार. जिकडून येते तिकडे चाललं की जमीन लागते. आवाज तुझा मला कळतच नव्हता गो. मी पाण्याच्या उलट चालत आले."

मी तिला धरून बसले. धुकं विरलं तेव्हा खोर काठोकाठ भरली होती. हिरवंगार, स्वच्छ पाणी. ती जिथून चालत आली तिथे तळ दिसत नव्हता. लाल पाण्याचा टिपूस नाही. मागे डोंगराकडे बघितलं तर वादीचे पांढरे गोटे उन्हात कोरडे ठणठणीत.

बशीरने माझे मिस्ड कॉल पाहिले आणि धावतच आला. आईला बघून त्याचा चेहरा पडला. "अम्मी! काय झालं?"

"नदी आली होती रे," हुसेना म्हणाली. "सावित्रीसारखी. तिने काढलं मला."

त्याने माझ्याकडे बघितलं. "काकी?"

आता ऐका. माझ्या तोंडात त्या पाण्याची चव अजून होती. आणि मी म्हटलं, "मला काही दिसलं नाही बाबा. धुकं होतं. ती जरा लांब गेली, मी नको म्हणत होते."

मी नको म्हणत होते! असं म्हणाले मी. हुसेनाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

का बोलले मी असं? मुलगा मला घरात कोंडून ठेवेल, ही भीती होती. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लाज. साठ वर्षं जे गणित सांगून मी मान मिळवला, ते चुकलं आणि माणूस बुडता बुडता राहिलं, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. त्या रात्री मी माझ्या साडीचा काठ तीनदा घासला. लाल जाईना. दुसऱ्या दिवशी ती साडी बिल्डिंगखालच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकून आले. पुरावा होता तो. मी टाकला.

हुसेना मात्र आपलं सांगत राहिली. सुनेला, शेजारच्या मल्याळी बाईला, मशिदीतून येणाऱ्या बायकांना. नदी आली होती. लाल होती. बशीर घाबरला. डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, असं सुरू होतं कधी कधी, एकटं सोडू नका. घरात दोघेही नोकरीवाले. मग ठरलं की तिला गावी मुलीकडे पाठवायचं.

निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. माझी सून घरात होती, इरा होती. हुसेना सोफ्याच्या कडेला बसली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, तुला पण दिसली ना गो?"

मी म्हटलं, "चहा गार होतोय."

तिने चहा प्यायला. कप स्वतः धुऊन ठेवला. "येते," म्हणाली.

मंडळी, मी तिथे बसले होते. मला एक शब्द बोलायचा होता. हो. एवढाच.

ती गेल्यावर मी इराला ते ॲप उघडायला लावलं. त्या शनिवारी तिथे ओहोटी पहाटेच संपली होती. आम्ही पोचलो तेव्हा पाणी चढायला लागलेलं. इराने मला नीट समजावलं की प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी, आणि खोरीचं तोंड अरुंद असलं की आतलं पाणी आणखी वेगळं वागतं. पाऊणपट ही आपल्या किनाऱ्याची. मी आपल्या खाडीची वेळ घेऊन परक्या खोरीच्या काठावर बसले होते, आणि माणूस आत पाठवला होता.

ही चूक समजली. नदी नाही समजली.

मी विचारायचं सोडलं नाही. मुलाच्या मित्राला, तो त्या भागात रस्त्याच्या कामावर होता, गोष्ट दुसऱ्याची म्हणून सांगितली. तो म्हणाला, त्या आठवड्यात कुठेच पाऊस नव्हता, आणि पाऊस असता तरी तिकडचा चिखल राखाडी येतो, लाल नाही. कुणी म्हणालं रेड टाइड असेल, समुद्रात शेवाळ वाढून पाणी लाल दिसतं. असेल. पण शेवाळाने पाणी गोडं होतं का? गार होतं का? त्याला पायाखाली गोटे असतात का?

मग मागच्या आठवड्यात मी हे सगळं वहीत उतरवलं आणि नवव्या मजल्यावर गेले. बशीर नुकताच कामावरून आला होता. म्हटलं, बस, तुला काही वाचून दाखवायचंय. त्याने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"काकी, मी अम्मीला वेडी ठरवली."

"तू नाही. मी ठरवली."

"तिने एकदाही तुमचं नाव घेतलं नाही. टाइम तुम्ही सांगितला होता, हे मला आज कळतंय. का नाही बोलली ती?"

त्याने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. हुसेना अंगणात बसली होती. वाळलेली दिसली. मी नमस्कार-चमत्कार काही केलं नाही.

"हुसेना, दिसली होती गो मला. मी चाखली पण. गोडी होती. आणि वेळ मी चुकीची सांगितली."

तिने फोन चेहऱ्याजवळ आणला.

मग म्हणाली, "तू नाय म्हणालीस, म्हणून मलाच वाटायला लागलं होतं की डोकं फिरलंय. नमाज पढताना रकातीच्या फेऱ्या बोटांवर मोजायची मी, चुकते का बघायला. रोज. पाची वेळा."

"माफ कर."

"आज नाय," ती म्हणाली. "आज रागावू दे मला नीट. उद्या फोन कर."

दुसऱ्या दिवशी केला. उचलला तिने. रागातच होती, पण उचलला. बशीर आता तिच्या व्हिसाचं बघतोय. तिची यायची इच्छा आहे की नाही, ते ती सांगत नाही, आणि विचारायचा हक्क मला नाही.

मी अजूनही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. त्या सकाळी ज्या खोरीला नदीच नाही तिथे गोड्या पाण्याची लाल नदी कुठून आली, मला माहीत नाही. तुमच्यात कुणी पाण्याचं शिकलेलं असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. पण हुसेनाला भास झाला असं खाली कमेंटमध्ये लिहू नका. भास म्हणायचाच असेल तर दोघींना झाला म्हणा.